शेवटचा ट्रे मुगाचा

बी उगवतं की नाही हे तपासायची प्रयोगशाळा, आणि तिथं दर सोमवारी सकाळी एक माणूस तव्यावर बी भाजत बसायचा. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी आत पाऊल टाकलं तेव्हा हेच दृश्य समोर होतं. जालना एमआयडीसीतला बियाण्याचा कारखाना. बाहेर रोलिंग मिलचा धूर, आत एसीचा गारवा, पांढरे कोट, आणि कोपऱ्यात विजेच्या शेगडीवर लोखंडी तवा ठेवून पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ सरकीचे दाणे हलवतायत. मला वाटलं, यांचा नाश्ता चाललाय. "काय करताय?" मी विचारलं. मान वर न करता ते म्हणाले, "साक्षीदार तयार करून राह्यलो, मॅडम."

ते मामा. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे. वडील मेंढरं राखायचे. मामा आयटीआय करून वायरमन म्हणून कारखान्यात लागले आणि कॉम्प्युटरच्या खोलीत वायरी ओढता ओढता तिथंच राहिले. प्रोग्राम लिहायला त्यांना कोणी शिकवलं, असं विचारलं की म्हणायचे, "कोनी शिकवलं न्हाई म्हनून तर जमलं." उगवणीचे आकडे गोळा करणारा कारखान्याचा सगळा प्रोग्राम त्यांनी एकट्यानं लिहिला होता, आणि तोही अशा भाषेत, जी कॉलेजात आम्हाला कोणी दाखवलीसुद्धा नव्हती.

त्या भाषेत सगळं कंसात लिहायचं. कंसात कंस, त्याच्या पोटात आणखी कंस. कंस उघडला की आधी काम सांगायचं, मग ते कशावर करायचं ते. मामांना हे फार पटायचं. "आदी काम बोला, मंग सामान दाखवा. बाकी भाषांत निस्ता घोळ," असं ते म्हणत. शेवटी कंस मिटवताना पेन्सिलीनं स्क्रीनवर टकटक करत मोजायचे: पाच उघडले, पाच मिटले. पॅकिंगमधली पोरं त्यांना पाठीमागे कंसमामा म्हणायची. मामांना ते ठाऊक होतं. "त्या कंसानं आठ पोरांवर संशय घेतला, म्या कोनाला सोडला?" असं एकदा त्यांनीच हसत मला ऐकवलं.

आणि खरंच सोडत नसत. कोणी म्हटलं पाऊस लागलाय, तर खिडकीतून हात बाहेर काढून पाहायचे. भिंतीवरच्या घड्याळाची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडायची आणि दोन्ही जुळली तर दोन्हींवर संशय घ्यायचा. मोसंबी आणली तर एक सोलून खाल्ल्याशिवाय दुसरीला हात नाही. लॉक केलेली मोटारसायकल चार पावलं गेल्यावर परत येऊन हलवून बघणार. मी त्यावर एकदा हसले. ते म्हणाले, "हसा मॅडम. गाडी हाय म्हनूनच हसू येऊन राह्यलं."

त्यांचा सर्वांत मोठा संशय मात्र दोन गोष्टींवर होता. एक अ‍ॅरेवर आणि दुसरा बाहेरच्या लायब्ररीवर. अ‍ॅरे म्हणजे ओळीनं मांडलेले रकाने. एकेका रकान्यात एकेक आकडा. त्यांची मोजणी शून्यापासून सुरू होते. पहिला रकाना शून्याचा, दुसरा एकचा. बारा रकाने असले तर शेवटचा अकराचा. इथंच भलेभले घसरतात, एक रकाना इकडे नाहीतर एक तिकडे. मामांच्या भाषेत एक सोय होती: उणे एक म्हटलं की ओळीतला शेवटचा रकाना हाती यायचा. म्हणजे मागूनही मोजता यायचं. मामा कुठलीही ओळ आधी पुढून मोजत आणि मग मागून. "आमचा बाप मेंढरं वाड्यात घेताना पुढून मोजायचा. कोंडल्यावर मागच्या कोपऱ्यापासून दुसऱ्यांदा. दोनी बराबर आले तरच भाकर खायचा."

लायब्ररीचं प्रकरण आणखी नाजूक. आमच्याकडे ट्रेमधले उगवलेले कोंब मोजणारं कॅमेऱ्याचं मशीन होतं. मशीन विकणाऱ्या कंपनीनं त्याबरोबर एक फाईल दिलेली, तिलाच लायब्ररी म्हणायचं. मामांचा प्रोग्राम चालता चालता त्या फाईलला हाक मारायचा, नावानं एक काम सांगायचा, आणि ती फाईल कोंबांचे आकडे अ‍ॅरेत भरून द्यायची. अशी ऐन वेळी बोलावलेली फाईल काही विचारत नाही. तुम्ही आकड्याच्या जागी शब्द दिलात तरी निमूट घेते आणि भलतंच काहीतरी हातावर ठेवते. मामांना तिचा हा अबोला मुळीच आवडत नसे. "जो इचारत न्हाई त्याच्यावर बिलकुल इश्वास ठेवू न्हाई," ते म्हणायचे. आणि कंपनीनं फाईल बदलून पाठवली की हमखास म्हणायचे, "नाव तेच हाय. पर आतला मानूस तोच कशावरून?"

म्हणून ते साक्षीदार. मशीनमध्ये एका खेपेला बारा ट्रे जायचे. त्यातला पहिला ट्रे भाजलेल्या सरकीचा. ते बी जन्मात उगवणार नाही, म्हणजे पहिल्या रकान्यात शून्य आलंच पाहिजे. आणि शेवटचा ट्रे मामांच्या घरच्या मुगाचा. मूग दोन दिवस आधी भिजवलेले, शंभरातले शंभर मोड आलेले. म्हणजे शेवटच्या रकान्यात शंभर आलेच पाहिजेत. मधले दहा ट्रे गावोगावच्या बीजोत्पादक शेतकऱ्यांचे. त्यांच्यावर गावाचं नाव नाही, नुसता नंबर. ती पद्धतही मामांचीच. "गावाचं नाव पाह्यलं की डोळ्याला पाझर फुटतो," असं त्यांचं म्हणणं. ट्रे लावणाऱ्या बायकांना कुठला ट्रे कोणाचा ते ठाऊक नसे, आकडे पाहणाऱ्या मला ट्रे दिसत नसत, आणि मोजून झालं की त्याच दिवशी सगळे ट्रे खड्ड्यात रिकामे होत.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती आणि तिचा मला अभिमान वाटायचा. स्वतःच्या ओळी मामा रोज उघडून कंस न् कंस मोजत, पण मी लिहिलेल्या ओळी त्यांनी कधीच उघडल्या नाहीत. बाहेर आलेला आकडा पाहायचे, "ठीक हाय मॅडम" म्हणायचे, संपलं. अख्ख्या जगावर संशय घेणारा माणूस माझ्यावर घेत नाही! शहागडला घरी फोन करून मी हे आईला दोनदा तरी सांगितलं असेल. सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली मी, मला तेवढाच आधार होता.

मग एकदा मामा भाचीच्या लग्नाला दोन दिवस गावी गेले. जाताना म्हणाले, "नवी फाईल आली तर मी येईस्तोवर हात लावू नका. आन् दोनी साक्षीदार बसवल्याबिगर मशीन चालू करू नका." मी हो म्हटलं. दुसऱ्याच दिवशी मशीनच्या कंपनीचा माणूस पेनड्राईव्ह घेऊन हजर. नव्या फाईलनं काम दुप्पट वेगानं होईल म्हणाला. मॅनेजरसाहेब म्हणाले, टाकून घ्या. त्यांना नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. त्यात त्या दिवशी शेतकऱ्यांचे ट्रे होते अकरा, आणि जागा दहांनाच. अकरावा दुसऱ्या खेपेला घालता आला असता. पण मी विचार केला, भाजलेल्या बियांचा साक्षीदार आहेच की, दुसरा कशाला? मुगाचा ट्रे मी उचलला, माझ्या कपाटात ठेवला, त्या जागी अकरावा लावायला बायकांना सांगितलं आणि मशीन चालू केलं. पहिल्या रकान्यात शून्य आलं. साक्षीदार खरं बोलला म्हणून मी निश्चिंत झाले.

भाजलेल्या बियांच्या शेजारचा ट्रे धावड्याचा होता. त्याची उगवणही शून्य आली.

शंभरात एकही कोंब नाही. असं नुसत्या जुन्या बियांतही होत नाही. मॅनेजरसाहेबांनी लगेच निष्कर्ष काढला: शेतकऱ्यांनी फसवलं. चांगलं बी दुसरीकडे विकून गिरणीतली सरकी आणून भरली. पुन्हा चाचणी लावायची तर आठवडा जातो आणि पॅकिंग तोंडावर आलेलं. धावड्याचा सगळा माल शुक्रवारी तेलगिरणीला पाठवायचा आणि त्या गावाला यापुढे बीजोत्पादनाचं काम द्यायचं नाही, असं ठरलं. तेव्हा मंगळवार होता.

बुधवारी सकाळी मामा परतले आणि त्याच वेळी धावड्याहून सरूबाईही आल्या. तिथल्या बायकांत त्यांचा शब्द चाले. कपाशीच्या संकरित बियाण्यासाठी रोज सकाळी एका झाडाच्या फुलाला दुसऱ्याचं फूल हातानं लावावं लागतं. त्या कामाची अख्खी टोळी त्या सांभाळत. बोटांची टोकं पिवळी पडलेली. फाटकाजवळच मामांना अडवून त्या म्हणाल्या, "एक एक फूल हातानं लावलंय आमी. दोन महिने कंबर सरळ केली न्हाई. मेलेलं बी निघंलच कसं? आन् तू बी आमच्यावर संशय घेऊन राह्यला का रे?"

"घेतो की," मामा म्हणाले. "आदी माझ्यावर. मंग तुमच्यावर."

मॅनेजरसाहेबांनी मामांना बोलावून स्पष्टच सांगितलं, तुमचं गाव आहे, तुम्ही यात पडू नका, लोकांना वेगळा संशय येईल. मामा म्हणाले, "बराबर हाय साहेब. गावात न्हाई पडत. पर प्रोग्राम माझा हाय, तेवढा तपासतो." आणि ते बसले. बुधवार गेला, गुरुवारची दुपार आली. मी शेजारच्या खुर्चीवर. ते स्वतःच्या ओळी छापून, पेन्सिलीनं एकेक कंस जोडत, तोंडानं पुटपुटत होते: उघडला, मिटला, उघडला, मिटला. शून्यापासून मोजलं का, पुढून बघ, मागून बघ. जेवणाचा डबा उघडला नव्हता. मध्येच स्वतःशी म्हणाले, "माझंच कुठं तरी चुकलं आसंल. दुसऱ्याचं कामून आसंल?" नवी फाईल टाकल्याचं त्यांना कळलं होतं. पण दोन्ही साक्षीदार बसवले असतील हे ते धरून चालले होते. मला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही.

तो एक शब्द त्यांनी विचारला असता तर मी खोटं बोलले असते, हे आज कबूल करते. त्यांनी विचारलं नाही, म्हणून मला खोटंही बोलता येईना आणि गप्पही बसवेना. नोकरी जाईल ही भीती होती. शहागडला काय तोंड दाखवू, ही त्याहून मोठी. खिडकीतून फाटक दिसत होतं. सरूबाई दुसऱ्या दिवशीही आल्या होत्या आणि भिंतीच्या सावलीत पदर सावरून बसल्या होत्या. त्यांची ती पिवळी बोटं मला तिथूनही दिसतायत असं वाटत होतं. मी उठले, कपाट उघडलं. दोन दिवस अंधारात राहून मूग वीतभर वाढले होते, पांढुरके, वाकडेतिकडे, अर्धे ट्रेबाहेर लोंबकळलेले. तो ट्रे मी मामांच्या छापील कागदांवर ठेवला. "मामा, हा मी बसवलाच नव्हता," एवढंच मला बोलता आलं आणि मी रडायला लागले.

मामांनी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावले नाहीत. "रडायचं मंग," म्हणाले. "आदी मशीन." बारा ट्रे लावले: पहिला भाजलेल्या बियांचा, मधले दहा रिकामे, शेवटी ते वाढलेले मूग. प्रोग्राम चालवला. पहिल्या रकान्यात शून्य. मामांनी हाक मारली: उणे एक, शेवटचा रकाना. तिथं शंभर यायला हवे होते. तिथंही शून्य. मूग डोळ्यांसमोर ट्रेबाहेर लोंबकळतायत, आणि ओळीत त्यांचा पत्ताच नाही.

मग उलगडा व्हायला वेळ लागला नाही. नव्या फाईलनं मोजणी शून्याऐवजी एकपासून धरली होती. पहिला रकाना ती मोकळाच सोडत होती, आणि मोकळा रकाना शून्य दाखवतो. भाजलेल्या बियांचंही शून्यच, म्हणून पहिला साक्षीदार खोटा असूनही खरा वाटला. भाजलेल्या बियांचा आकडा सरकून धावड्याच्या नावावर बसला, धावड्याचा पुढच्या गावावर, आणि शेवटच्या ट्रेचा आकडा ओळीतून पडून हरवला. मुगाचा ट्रे जागेवर असता तर तेव्हाच बोंब झाली असती. मामा स्क्रीनवर पेन्सिल टेकवून म्हणाले, "बघा, नाव तेच आन् मानूस निराळा."

तेलगिरणीची गाडी फाटकातून रिकामी परत गेली. जुनी फाईल लावून चाचणी नव्यानं झाली आणि धावड्याचं बी इतर गावांच्या बरोबरीनं उगवलं. सरूबाईंनी मामांचं काही कौतुक वगैरे केलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "आता माझ्यावरचा संशय काढ." मामा म्हणाले, "काढला. पुढच्या साली परत घेतो." त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

चूक कोणाची ते लिहून द्या, असं मॅनेजरसाहेबांनी सांगितलं. मी कागद ओढला. मामांनी तो माझ्या हातातून घेतला आणि लिहिलं: शेवटचा साक्षीदार नसेल तर प्रोग्राम थांबला पाहिजे, ही अट मी लिहिली नव्हती, माणसाच्या ध्यानावर सोडली होती, चूक माझी. मी म्हटलं, "मामा, हे खोटं आहे." ते म्हणाले, "बिलकुल खोटं न्हाई. तुमची बी चूक हाय, ती तुमी बोललात. ही माझी हाय, ती मी लिवून राह्यलो." ती अट त्यांनी त्याच दिवशी लिहिली. आजही मुगाचा ट्रे नसेल तर मशीन जागचं हलत नाही.

पण मला लागलं ते पुढं. सोमवारी मामा बी भाजून झाल्यावर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "उघड तुझ्या ओळी." मी लागल्यापासून पहिल्यांदा. पेन्सिल काढली आणि माझे कंस मोजायला लागले. पुढून, मग मागून. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी माझा बांध फुटला. मी म्हटलं, "चुकलं ते मी कबूल केलं ना? आता तुमचा माझ्यावर काडीचाही विश्वास उरला नाही, असंच ना?"

मामांना खरोखर आश्चर्य वाटलं. पेन्सिल तशीच धरून ते म्हणाले, "आगं पोरी, तुझ्या आदी तिघं-चौघं येऊन गेल्ते. पगाराचा दुसरा महिना झाला की पुण्याला. त्यांच्या ओळी मी कवा उघडल्या न्हाईत. पाहुन्याच्या ताटात कोन हात घालतं? तू बी पाहुनीच होतीस." मग पुढच्या कंसावर पेन्सिल टेकवत म्हणाले, "दुसऱ्याची मेंढरं कोनी मोजतं का? मानूस आपलीच मोजतो."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की त्या सोमवारपासून मी ‘मॅडम’ची ‘पोरी’ आणि ‘तुमी’ची ‘तू’ झाले होते. ज्याला मी विश्वास समजून मिरवत होते तो नुसता परकेपणा होता. आपल्यावर कोणीतरी इतका संशय घ्यावा याचा मला त्या दिवशी जो आनंद झाला, तो नंतर कुठल्या बढतीनं झाला नाही. पुढं सहा वर्षं त्यांनी माझे कंस मोजले आणि मी त्यांचे. त्यांच्या ओळीत एकदा मला एक कंस जास्तीचा सापडला तेव्हा त्यांनी सगळ्या प्रयोगशाळेला जिलबी आणली, आणि ती आधी स्वतः एक खाऊन पाहिली.

निवृत्त होऊन ते धावड्याला गेले. तवा मला देऊन गेले. कंपनीकडून नवी फाईल आली की त्यांना कसं कळायचं कोण जाणे, पण फोन यायचा: "शेवटचा ट्रे बसवला का?" मी हो म्हणायचे. मग ते म्हणायचे, "बसवला आसशील. तरी जाऊन बघून ये जल्दी, मी फोन धरून हाय." मी खरंच उठून जायचे. ते खरंच फोन धरून असायचे.

गेल्या वर्षी ते फार थकल्याचं कळलं म्हणून नवरा आणि लेकीला घेऊन मी धावड्याला गेले. मामा ओट्यावर बाजेवर टेकून बसले होते. आवाज खोल गेला होता, पण चहा आला तेव्हा कपाखाली बशी आहे ना हे बोटानं चाचपून पाहिलंच. लेकीला मी सांगितलं, हे मामा. ती म्हणाली, "कशावरून?" मामा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "पोरगी तयार झाली," म्हणाले.

ती शेवटची भेट ठरली. दोन महिन्यांनी ते गेल्याचा निरोप आला. सोमवारी मी बी भाजते तेव्हा तवा तापेपर्यंत त्यांची आठवण गप्प बसू देत नाही, आणि डोळ्यांत पाणी येतं ते धुरानं नव्हे.

त्या शेवटच्या भेटीत आम्ही निघालो तेव्हा ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मी मागं वळून पाहिलं. उजव्या हाताचं बोट हळूहळू हलत होतं, ओठ पुटपुटत होते. आधी नवऱ्याकडे, मग माझ्याकडे, मग लेकीकडे. नवऱ्यानं गाडी सुरू केली. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "थांब जरा. त्यांचं अजून मागून मोजायचं राहिलंय."